दोन गल्ल्या पलीकडचं बोलावणं



आमच्या वसईकडे सध्या उपवासकाळ चालू आहे. तुमच्याकडे श्रावण असतो, रोजे असतात, तसा आम्हा कॅथलिकांचा हा काळ. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर कपाळाला लावतात, माणूस मातीचा आहे याची आठवण देतात. तिथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार सोडले तर बरोबर ४० दिवस. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच वेळ पोटभर जेवायचं. शुक्रवारी मटण-कोंबडी नाही. सोबत प्रार्थना आणि दानधर्म.

हे सगळं मी लहानपणापासून करते. पण पोट उपाशी ठेवणं किती सोपं असतं, ते मला गेल्या वर्षी कळलं.

झालं असं, की आमच्या बचत गटातल्या एका बाईने कर्जाचे हप्ते थकवले. मी गटाची अध्यक्ष. बँकेत साहेबांपुढे मान खाली घालावी लागली, तो राग मी बैठकीत सगळ्यांसमोर तिच्यावर काढला. नको ते बोलले. ती यायचीच बंद झाली. मिस्सेलाही मागच्या बाकावर बसायची आणि संपायच्या आत निघून जायची. मी उपवास धरत होते, आणि तिच्याकडे बघतही नव्हते.

त्याच दिवसांत चर्चमध्ये आम्हाला सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट सांगितली. सिस्टर मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात उदयनगर भागातले आदिवासी शेतकरी सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. सिस्टरांनी तिथल्या बायकांना एकत्र आणलं, बचत शिकवली, सरकारी योजना आणि बँका दाखवल्या. ज्यांचा धंदा बसला, त्यांना हे खपलं नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसने इंदूरला जाताना भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भोसकून मारलं. वय अवघं ४१. पुढे त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टर, तुरुंगात गेली आणि त्या मारेकऱ्याला राखी बांधून आली. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं.

मी ऐकत बसले. त्या बहिणीने रक्त माफ केलं, आणि मला चार हप्ते जड झाले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिने दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, “बाय, माझं चुकलं.” बराच वेळ ती गप्प होती. मग कळलं, नवऱ्याच्या आजारपणात पैसे संपले होते, आणि गटात सांगायची तिला लाज वाटली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिचे हप्ते लहान केले. कर्ज अजून पुरतं फिटलेलं नाही. पण ती बैठकीला येते.

आमच्यात ‘पाचारण’ म्हणतात, म्हणजे देवाचं बोलावणं. मला वाटायचं, ते फक्त सिस्टर किंवा फादर होणाऱ्यांना येतं. मलाही आलं होतं, दोन गल्ल्या पलीकडून. मी ऐकायला उशीर केला.

तुमच्या गटातलीही कुणीतरी यायची बंद झाली असेल. हा कार्यक्रम संपला, की तिच्या दारात जाऊन या. हप्त्याचं नंतर बोला, आधी ती कशी आहे ते विचारा.