उंबरठ्यावरचे शहाणपण



सुवर्णमहोत्सवानिमित्त सेवेविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपण आज्ञा केलीत. मी कापडाचा व्यापारी. वैद्यकाचा मला अधिकार नाही. तरीही अमेरिकेतील एका उपक्रमाची हकिगत सांगतो. घरोघरी सेवा पोहोचवू पाहणाऱ्यांनी ती ऐकण्याजोगी आहे.

डॉ. डेव्हिड ओल्ड्स बाल्टिमोर येथील एका पाळणाघरात काम करीत असता त्यांच्या ध्यानात आले की, कित्येक मुलांच्या बाबतीत चौथ्या वर्षी मिळणारी मदत ही उशिराची मदत ठरते. म्हणून १९७७ साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे त्यांनी नवा प्रयोग आरंभिला. प्रशिक्षित परिचारिकेने पहिलटकरणीच्या घरी गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत जावयाचे. आहार, संगोपन, शिक्षण, रोजगार या सर्वांत तिला साथ द्यावयाची. सुमारे ४०० माता या अभ्यासात होत्या. पंधरा वर्षांनी पाहता, परिचारिका ज्या घरी जात होत्या तेथे मुलांच्या हेळसांडीची व छळाची नोंदलेली प्रकरणे इतर घरांच्या मानाने जवळजवळ निम्मी आढळली.

पुढे हा उपक्रम ‘नर्स-फॅमिली पार्टनरशिप’ या नावाने अनेक राज्यांत पसरला आणि एक अडचण उभी राहिली. बाळ दोन वर्षांचे होण्याआधीच पुष्कळ माता त्यातून बाहेर पडू लागल्या. वेळापत्रक कागदावर चोख होते. परंतु कामावर परतलेल्या मातेला त्याच भेटी जड होत. शोध घेतला तेव्हा दिसले की, ज्या परिचारिका भेटींचे अंतर व बोलण्याचा विषय मातेच्या गरजेप्रमाणे ठरवीत, त्यांच्याकडील माता टिकून राहत. हीच रीत इतर परिचारिकांना शिकविली गेली. परिचारिका नोकरी सोडून गेली की माताही दुरावत, हेही दिसून आले. मातेचे नाते योजनेशी नव्हते, त्या परिचारिकेशी होते.

आमच्या व्यवसायात गादीवरच्या मालकापेक्षा गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडणाऱ्याला आवडनिवड अधिक कळते. कोणते ठाण काढावे हे त्याने ठरवावे; मीटर मात्र शंभर सेंटिमीटरचाच असावा. त्या उपक्रमानेही मूळ तत्त्वे ढळू दिली नाहीत, आणि बदल करताना तो पारखून घेतला.

आपल्या महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. त्या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या व ४२ व्या दिवशी, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याच्या थोडे पुढेपर्यंत, ही भेट असते. कोणत्या घरात बाळंतिणीला पोटभर जेवण मिळत नाही, कोणत्या घरात ती मनातले बोलू शकत नाही, हे त्यांना आपल्याआधी कळते.

म्हणून माझी एकच विनंती आहे. माता-बालकांसाठी कोणतीही योजना आखताना दात्यांच्या व तज्ज्ञांच्या बैठकीत उंबरठा ओलांडून आत जाणाऱ्या त्या भगिनीलाही खुर्ची द्यावी, आणि तिचे म्हणणे आधी ऐकावे.