शस्त्र, हात आणि तपासणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसत असे. आज व्यासपीठावर बसण्याची वेळ आली, याचा संकोच वाटतो. माझ्या आधीच्या वक्त्यांनी येथे साहित्य, इतिहास, शेती असे भारदस्त विषय मांडले. पिस्तुलाची जुळवणी आणि तिची तपासणी हा माझा विषय पत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु माझे आयुष्य नेमबाजीच्या मैदानावर गेले, आणि त्यातही स्वतः नेम धरण्यापेक्षा इतरांची पिस्तुले तपासण्यात अधिक गेले. ज्याला जे येते त्याने त्याविषयीच बोलावे, हा गुरुजींचाच दंडक. तो मी पाळतो आहे.

प्रथम गुरुजींची एक आठवण. ते आम्हांला विज्ञान शिकवीत. एकदा प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट भरण्याचे काम माझ्याकडे आले. खिडकीतून दुपारचे लख्ख ऊन टेबलावर पडले होते. मी बाटली उचलली तोच गुरुजींनी माझे मनगट धरले. "दिवा विझला आहे ना?" मी म्हणालो, "हो, विझला आहे." त्यांनी विचारले, "पाहिलेस, की ऐकलेस?" मी ऐकले होते, शेजारच्या मित्राने तसे सांगितले होते. गुरुजींनी कागदाचा एक कपटा दिव्यावर धरला. तो भुर्रकन पेटला. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हे त्या दिवशी मला कळले. पण "पाहिलेस, की ऐकलेस?" या प्रश्नाचे खरे मोल कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आपल्या या जिल्ह्याला बंदूक अनोळखी नाही. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीने कोमराम भीम यांना वीरमरण आले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. जोडेघाट २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेनंतर कोमराम भीम यांच्याच नावाच्या जिल्ह्यात गेले, इंद्रवेल्ली आपल्याकडेच राहिले. आठवण मात्र दोन्हींकडे सारखीच ताजी आहे. त्यामुळे येथल्या माणसाला बंदूक म्हटले की ती कोणीतरी आपल्यावर रोखलेली वस्तू वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. मी ज्या पिस्तुलाविषयी बोलणार आहे ते कागदी लक्ष्यावर चालते. परंतु त्यातून सुटणारी गोळी कागद आणि माणूस असा भेद जाणत नाही. माझ्या साऱ्या व्यवसायाचा पाया या एका वाक्यात आहे.

आता जुळवणीकडे वळू. बाजारातून आणलेला विळा आपला शेतकरी जसाच्या तसा वापरीत नाही. मूठ घासतो, तिच्यावर चिंधी गुंडाळतो, आपल्या पंजाला बसेल अशी करून घेतो. औताचा रुमणा ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे ठेवावा लागतो. नेमबाजाचेही तसेच आहे. पंचवीस मीटर अंतरावरील स्पर्धेत ५.६ मिलिमीटर, म्हणजे ज्याला पॉइंट टू टू म्हणतात, त्या व्यासाचे अर्धस्वयंचलित पिस्तूल असते. त्याची लाकडी मूठ नेमबाजाच्या पंजाबरहुकूम कोरलेली असते. जेथे लाकूड टोचते तेथे कानस चालवायची, जेथे पोकळी राहते तेथे लांबी भरायची. हे काम एका बैठकीत होत नाही, कारण सकाळचा हात आणि तासभराच्या सरावानंतर घामेजून फुगलेला हात हे दोन वेगळे हात असतात. मूठ जमली की नाही याची साधी परीक्षा आहे. समोर लक्ष्याकडे पाहून डोळे मिटावेत, हात उचलावा आणि मग डोळे उघडावेत. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध बसली असेल तर मूठ जमली. मनगट वळवून ती बसवावी लागली, तर कानस पुन्हा हाती घ्यावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. या स्पर्धेच्या जलद भागात लक्ष्य केवळ तीन सेकंद खुले राहते आणि सात सेकंद बंद. प्रत्येक वेळी हात पंचेचाळीस अंशांवरून उचलायचा, एक गोळी झाडायची, पुन्हा खाली आणायचा. असे तीस वेळा. तीन सेकंदांत मूठ सावरायला अवकाश नसतो. कोल्हापूरची राही सरनोबत हिने २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेम्बांग येथे याच प्रकारात आशियाई सुवर्णपदक मिळविले, आणि या क्रीडामेळ्यात नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीत तिचे आणि थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीचे गुण चौतीस-चौतीस असे समान झाले. पाच गोळ्यांची निर्णायक फेरी झाली, तीही चार-चार अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. एका गोळीच्या फरकाने सुवर्ण आणि रौप्य ठरते, तेव्हा मुठीवरचा कानशीचा एकेक घाव कारणी लागलेला असतो.

परंतु या जुळवणीला मर्यादा आहे, आणि ती नियमांनी घातलेली आहे. मूठ पंजाला वेढून घेईल अशी असता कामा नये. तळहाताखालचा आधार मुठीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये. मनगट मोकळे दिसले पाहिजे. पिस्तुलाच्या हातात घड्याळसुद्धा चालत नाही. पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नसावी, आणि सारे पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. आमच्या टेबलावर अशी पेटी असते. वाद घालणाऱ्याला आम्ही उत्तर देत नाही, पेटी पुढे सरकवितो.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा चापाची. चाप हलका असला की बोट ओढताना नेम ढळत नाही, म्हणून तो हलका करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. नियम सांगतो, चापाने किमान १००० ग्रॅम वजन पेलले पाहिजे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून नळी उभी धरायची, टेबलावर ठेवलेले वजन चापाला अडकवायचे आणि सावकाश वर उचलायचे. वजन अधांतरी आले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल उत्तीर्ण. तीन प्रयत्न मिळतात. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठ्या टाकून पुन्हा काही पिस्तुले तपासतात आणि तेव्हा चाप हलका आढळला तर खेळाडू बाद होतो. हजार ग्रॅमच का, असे एका तरुणाने मला विचारले होते. मी म्हटले, "बाबा, विचार करायला तेवढा तरी वेळ मिळावा म्हणून." हे उत्तर नियमपुस्तकात नाही, पण हलक्या चापाला शंका घ्यायला सवड नसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ते पाहणे कसे घडले, ते सांगतो. पूर्वी एका मैदानावर, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी सहकाऱ्याने दुरुस्त करून आणलेले पिस्तूल माझ्या हाती दिले. "रिकामे आहे," ते म्हणाले. मॅगझीन काढलेले मला दिसत होते. मी चापाचे वजन घ्यायला बसलो. वजन पुरते उचलायच्या आतच आवाज झाला. नळी वर होती म्हणून गोळी पत्र्यात गेली. टेबलापलीकडे एक शाळकरी मुलगी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभी होती. तिला काही झाले नाही. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, आणि अंधारात गुरुजींचा प्रश्न कानांत घुमत राहिला. मी पाहिले नव्हते, ऐकले होते. दोष त्या सहकाऱ्यांचा होता तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, माझा होता. तपासणारा मी होतो.

हे कसे घडते, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहुतेकांची समजूत येथेच चुकते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात एक गोळी सुटली की तिच्याच दाबाने मागचा भाग मागे ढकलला जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने तो भाग पुढे येताना मॅगझीनमधले वरचे काडतूस नळीच्या मागच्या कोठीत, म्हणजे चेंबरमध्ये, सरकते. म्हणून मॅगझीन काढले तरी एक काडतूस आतच राहिलेले असू शकते. बाहेरून ते दिसत नाही, उन्हातल्या ज्योतीसारखेच. यावर उपाय क्रमाने करायचा असतो आणि क्रम चुकला की उपायच अपाय होतो. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझीन काढायचे, मग मागचा भाग मागे ओढायचा. उलट केले, तर ओढताना आतले काडतूस बाहेर पडते आणि सोडताना मॅगझीनमधले दुसरे त्याच्या जागी जाऊन बसते. मागचा भाग उघडा ठेवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचे, उजेड कमी असेल तर करंगळीने चाचपायचे, आणि मग भडक रंगाची सुरक्षा-पट्टी आत घालायची. ती पट्टी बाहेर डोकावत असेल तरच दुरून पाहणाऱ्यालाही कळते की हे शस्त्र रिकामे आहे. पट्टीचे मर्म हेच की तेथे कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

स्पर्धेच्या नियमांतील आणखी एक तरतूद मला फार आवडते. ऐन वेळी पिस्तूल चालले नाही, तर खेळाडूने ते लक्ष्याकडेच रोखलेले ठेवावे, मोकळा हात वर करावा आणि पंचाची वाट पाहावी. त्याने स्वतः उघडून पाहायचे नाही. पंच तपासतो. पुंगळी अडकली, काडतूस निकामी निघाले, भाग मोडला, तर तो शस्त्राचा दोष. खेळाडूला नियमाप्रमाणे पुन्हा संधी मिळते. परंतु तो काडतूस भरायला विसरला, सुरक्षा-खटका उघडायला विसरला, मागच्या गोळीनंतर चाप पुरता पुढे येऊ दिला नाही, किंवा पंच येण्याआधी त्याने यंत्रणेला हात लावला, तर तो माणसाचा दोष, संधी नाही. शस्त्राच्या माथी आपली चूक मारण्याची सोय तेथे नाही. संसारातही असा पंच असता, तर किती भांडणे मिटली असती!

शस्त्राचा दोष असूनही नशिबी हानीच येते, असेही घडते. जुलै २०२१ मध्ये टोकियोला मनू भाकरच्या एअर पिस्तुलात प्राथमिक फेरीच्या मध्येच बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि दोन गुणांनी तिची अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी २०२४ मध्ये पॅरिसहून दोन कांस्यपदके घेऊन परतली. बिघाड कोणालाही चुकत नाही. तो घडल्यावर माणूस काय करतो, त्यावर पुढचे ठरते.

आता मैदान सोडून घराकडे येतो, कारण माझ्या बोलण्याचा खरा हेतू तेथे आहे. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच आदिलाबाद शहरात मुलांच्या क्रिकेटवरून पेटलेल्या भांडणात परवान्याचे रिव्हॉल्वर बाहेर निघाले. माणसे जखमी झाली आणि त्यांतील एकाने पुढे प्राण सोडला. त्या शस्त्राला परवाना होता. कागद बिनचूक होते. तपासायचे राहून गेले होते ते माणसाचे मन, आणि त्याला लावायचे हजार ग्रॅमचे वजन कोणापाशी नव्हते. १९५९ चा शस्त्र अधिनियम शस्त्र बनविण्यालाच नव्हे, तर व्यवसाय म्हणून ते दुरुस्त करण्याला आणि त्यात बदल करण्यालाही परवाना मागतो. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास हाताळणीचे प्रशिक्षण घ्यायला लावले. २०१९ च्या दुरुस्तीने वरातीत, आनंदात गोळ्या झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. कायदा आपले काम करतो. परंतु कायदा गोळी सुटल्यावर येतो. तपासणी गोळी सुटण्याआधी असते.

म्हणून ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र आहे अशा माजी विद्यार्थ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. दसऱ्याला शस्त्र पूजेला मांडण्याआधी ते घराबाहेर, सुरक्षित दिशेला धरून, स्वतः उघडून पाहा. "गेल्या वर्षी रिकामेच ठेवले होते" हे ऐकणे झाले, पाहणे नव्हे. काडतुसे एका कुलपात आणि शस्त्र दुसऱ्या कुलपात ठेवा. चापाशी आणि आतल्या यंत्रणेशी स्वतः खेळू नका. ते परवानाधारक कारागिराचे काम आहे. आणि घरातल्या मुलाने "आत काही आहे का?" असे विचारले, तर त्याला रागावू नका. त्याने योग्य प्रश्न विचारला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शस्त्राची मूठ तुम्ही आपल्या हाताजोगी करून घेऊ शकता, करून घ्यावीच. तपासणी मात्र आपल्या सोयीची करून घेता येत नाही. ती ज्येष्ठाच्या शब्दाने, मित्राच्या विश्वासाने किंवा स्वतःच्या आठवणीने भागत नाही. विश्वास ही मोठी गोष्ट आहे. पण तपासून पाहिल्याने तो उणावत नाही. त्या प्रसंगानंतर ते ज्येष्ठ सहकारी मला पिस्तूल देताना शब्द न बोलता ते उघडून दाखवीत, आणि मीही त्यांच्या देखत पुन्हा पाहत असे. आमचा स्नेह शेवटपर्यंत टिकला.

गुरुजींनी त्या दिवशी माझे मनगट धरले नसते, तर कदाचित हा हात आज आपल्यापुढे जोडायला राहिला नसता. तो जोडून मी त्यांच्या स्मृतीला वंदन करतो आणि आपली रजा घेतो.