लेसर, स्फटिक आणि आपल्या माणसांचे चेहरे
(इंदापूर येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला "मुलांसाठी विज्ञानावर काही बोला" एवढेच सांगितले. विषय आम्ही घरातूनच उचलला. समोर टेबलावर काचेचा हा जो ठोकळा ठेवला आहे, त्याच्या आत आमच्या वडिलांचा, आबांचा चेहरा आहे. ठोकळ्याला कुठे छिद्र नाही, सांधा नाही. मग चेहरा आत गेला कसा? लहान नातवाने हाच प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर देता देता आम्हीच पुष्कळ शिकलो.

आधी नावापासून सुरुवात करू. दुकानदार याला 'क्रिस्टल' म्हणतो. क्रिस्टल म्हणजे स्फटिक. स्फटिकाच्या आत कण ओळीने, ठरावीक रचनेत बसलेले असतात. आपल्या या ऊसपट्ट्यातील मुलांना खडीसाखर दाखवली की स्फटिक समजावून सांगावा लागत नाही. काचेत मात्र अशी शिस्त नसते. म्हणजे हा ठोकळा स्फटिक नसून अत्यंत स्वच्छ अशी, भिंगासाठी वापरतात त्या जातीची काच आहे. गंमत अशी की खरा स्फटिक या कामात असतोच, पण तो यंत्रात असतो. यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या स्फटिकात निओडिमियम हे मूलद्रव्य थोडेसे मिसळतात आणि त्यातून लेसर किरण काढतात. हा किरण डोळ्यांना न दिसणारा, 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. दुसऱ्या एका स्फटिकातून नेऊन त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे 532 नॅनोमीटर केली की तो हिरवा दिसू लागतो.

आता मुख्य प्रश्न. हिरवा प्रकाश काचेतून आरपार जातो. मग तो काचेच्या पोटात खूण कशी करतो? उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. भिंगाजवळ हात धरला तर भाजत नाही. किरण जिथे एका बिंदूत गोळा होतात तिथेच कागद पेटतो. इथेही तेच होते. किरण काचेत शिरताना पसरट असतो, म्हणून वाटेतल्या काचेला काही होत नाही. आत ठरवलेल्या जागी तो एका बिंदूत एकवटतो. शिवाय सगळी शक्ती सेकंदाच्या काही अब्जांश भागात सोडलेली असते. एवढ्या तीव्रतेपुढे त्या बिंदूची काच पारदर्शक राहू शकत नाही. ती शक्ती शोषते आणि तिथे एक बारीक तडा पडतो. हा तडा प्रकाश विखुरतो, म्हणून आपल्याला पांढरा ठिपका दिसतो. असे हजारो, मोठ्या चित्रात लाखो ठिपके मिळून चेहरा होतो. यात रंग नाही, शाई नाही. आहेत ते फक्त बारीक तडे आणि त्यांच्यावर पडणारा प्रकाश.

किरण वरून येत असेल तर कारागीर चित्राच्या तळापासून वर येतो. आधी वरचे ठिपके पाडले, तर खाली जाणारा किरण त्यांना अडून विखुरेल. आपल्या आया-बहिणी घर सारवताना आतल्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे येतात, तसेच हे. दुसरी गोष्ट, विहिरीचा तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, कारण पाण्यात प्रकाश वाकतो. काचेतही तो वाकतो. हवेत 20 मिलिमीटर खाली एकवटणारा किरण काचेत सुमारे 30 मिलिमीटरवर एकवटतो. संगणकाला हा हिशेब आधी घालून द्यावा लागतो, नाही तर चेहरा लांबट होईल.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक नाव लिहून घ्या: चंद्रकुमार नारणभाई पटेल. जगात ते सी. कुमार पटेल म्हणून ओळखले जातात. त्यांचा जन्म 1938 साली आपल्या बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1958 मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. 1961 मध्ये डॉक्टरेट मिळवून बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत रुजू झाले. जगातला पहिला लेसर 1960 साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून काढला होता. पटेल यांनी 1964 मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. आपण श्वासातून जो वायू बाहेर टाकतो, तोच. आज हा लेसर कारखान्यात पत्रा कापतो आणि शस्त्रक्रियेत शल्यविशारदाच्या हाती असतो. 1996 मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

पण त्यांचा लेसर या ठोकळ्यात चेहरा कोरू शकत नाही. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रोमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या वीसपट. एवढ्या तरंगलांबीला काच पारदर्शक नसते. किरण वरच्या थरातच शोषला जातो आणि पृष्ठभागावर नक्षी उमटते. सन्मानचिन्हावरची नावे, लाकडी पाटीवरची अक्षरे या लेसरने कोरतात. म्हणजे काचेच्या आत चेहरा हिरव्या लेसरचा आणि बाहेर पाटीवर नाव बारामतीच्या पटेलांच्या लेसरचे, असे कामाचे वाटप आहे. एक श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ असे नाही. कोणत्या पदार्थावर कोणता प्रकाश चालतो, एवढाच प्रश्न आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. आमचे जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. धरण 1980 साली पूर्ण झाले. घर उठवताना पेटीतले बरेच काही राहिले, काही भिजले. आबांचा एकच फोटो उरला. भीमजयंतीच्या मिरवणुकीनंतर काढलेला, तीस-पस्तीस माणसांचा. आबा दुसऱ्या ओळीत, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. हा फोटो आम्ही बारामतीतील एका दुकानात दिला.

पहिला ठोकळा आला तो पाहून घर गप्प झाले. समोरून आबा वाटत होते, बाजूने पाहिले तर नाण्यावरच्या राजासारखा चपटा चेहरा. कारण सरळ आहे. फोटोला लांबी आणि रुंदी असते, खोली नसते. नाक किती पुढे, डोळे किती आत, हे एका फोटोला सांगता येत नाही. तो अंदाज संगणक करतो. शिवाय दुकानदाराने, विचारल्याशिवाय, गालावरची सुरकुती पुसली होती आणि अंगात कोट घातला होता.

कोटावरून घरात वाद झाला. थोरले बंधू म्हणाले, "राहू द्या. आयुष्यभर पाटकरी म्हणून चिखलात उभे राहिले. बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभे राहायला शिकवले, मग आपल्या बापाला एक कोट घातला तर काय बिघडले?" त्यांचे म्हणणे आम्हाला खोडता येईना. ज्यांना अंगभर कपडा मिळू दिला नाही, त्यांच्या पोरांना कोटाची किंमत कळते. शेवटी आईला विचारले. तिने ठोकळा मांडीवर घेतला, वरून बोटे फिरवली. चेहरा आत, बोटांना नुसती गार काच लागली. ती म्हणाली, "कोटातला माणूस माझ्या वळखीचा न्हाई. त्येंच्या सदऱ्याला ठिगळ मीच लावलं हुतं. त्याची मला कधी लाज वाटली न्हाई, तुमाला कशापायी वाटती?"

बंधू काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच आमच्याबरोबर दुकानात आले. त्यांचे नाक थेट आबांचे. कारागिराने त्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो घेतले आणि त्यांवरून नाक-कपाळाची खोली बसवली. कोट काढला, सुरकुती परत आणली. हा समोरचा ठोकळा तो दुसरा. यातला चेहरा आबांचा आहे, पण खोली बंधूंची आहे, हे आम्ही एका कागदावर लिहून ठोकळ्याच्या डबीत ठेवले आहे. पुढच्या पिढीने अंदाजाला पुरावा समजू नये, म्हणून.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती घरांत आजोबांचा फोटो आहे? पणजीचा? ज्यांचा आहे, त्यांनी भाग्य समजावे आणि तीन कामे करावीत. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहावे. समूहाचा फोटो असेल तर डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे घरातल्या वृद्धांना विचारून आजच लिहावीत. उद्या विचारायला माणूस राहील असे नाही. आणि काचेत चेहरा आला म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नये. ठोकळा हातातून पडला तर तोही फुटेल. अनित्यता काचेलाही सोडत नाही.

विद्यार्थ्यांनी चौथे काम करावे. हे तंत्र शिकण्याजोगे आहे. प्रकाशशास्त्र, संगणकावरील त्रिमिती चित्रण आणि यंत्र हाताळणी, या तिन्हीची इथे गरज लागते. यंत्राजवळ काम करताना त्या तरंगलांबीचा संरक्षक चष्मा लावल्याशिवाय उभे राहू नये, कारण हा किरण डोळा कायमचा निकामी करू शकतो. आणि उद्या कोणी गिऱ्हाईक आपल्या आईचा फोटो घेऊन आले, तर तिची सुरकुती पुसण्यापूर्वी एकदा विचारावे.

बारामतीत जन्मलेल्या एका मुलाने आपल्या श्वासातल्या वायूतून लेसर काढला. तुमच्यापैकी कोण काय काढील, हे आम्ही आज कसे सांगावे? सभा संपल्यावर पुढे या, ठोकळा हातात घ्या, सर्व बाजूंनी पाहा आणि प्रश्न विचारा.