ग्रंथ आले दारी

श्रोतेहो, आमच्या तिसगावच्या उत्तरेला प्रवरेकाठी नेवासे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली. ही प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरीच्या काठाने खाली गेलं की पैठण लागतं. त्या पैठणात एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. मधली जवळजवळ तीनशे वर्षे लोक हा ग्रंथ हाताने उतरवून घेत होते. उतरवताना कुठे अक्षर गळे, कुठे पदरची ओळ शिरे. ते सारं नाथांनी निवडून काढलं.

आज हे सांगायचं कारण असं की, ग्रंथ उतरवून घेण्याचं काम पुन्हा सुरू झालं आहे. बोरू आणि दौत जाऊन हाती मोबाईल आला, एवढाच फरक.

जुने मराठी ग्रंथ आज इंटरनेटवर एक पैसाही न देता वाचता येतात. 'मराठी विकिस्रोत' हे असं एक ग्रंथालय. 'इंटरनेट आर्काइव्ह'वर जुन्या पुस्तकांची पानन् पान छायाचित्रं सापडतात. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. आजीच्या तोंडचा एखादा शब्द आजच्या कोशात मिळाला नाही, तर शिक्षकांनी तो तिथे जरूर शोधावा.

आता कोणी विचारील, "गुरुजी, फुकट म्हणजे चोरीचा माल तर नव्हे?" शंका रास्त आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे पुस्तकावर त्याच्या वारसांचा किंवा ज्यांना हक्क दिले त्यांचा अधिकार असतो. त्यानंतर पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले. म्हणजे 'फकिरा'वरचा हक्क २०२९ सालअखेरपर्यंत आहे. तोवर ते पुस्तक विकत घ्यावं, नाहीतर वाचनालयातून आणावं. कोणी मोबाईलवर नुसतंच धाडलं, तर घेऊ नये. लिहिणाऱ्याच्या घामाचं मोल द्यायलाच हवं. आणखी एक ध्यानात ठेवा: मूळ ग्रंथ जुना असला, तरी नव्या भाषांतरावर किंवा नव्या प्रस्तावनेवर हक्क वेगळा असतो.

फुकट मिळतं म्हणून ते बिनचूक असतंच असं नाही. पानाचं छायाचित्र यंत्र वाचतं आणि अक्षरं जुळवतं. पण जुन्या छपाईत 'घ'चा 'ध' होतो, अनुस्वार उडतो. म्हणून विकिस्रोतावर एका बाजूला मूळ पानाचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला जुळवलेला मजकूर असतो. एकाने दोन्ही ताडून चुका दुरुस्त करायच्या, मग दुसऱ्याने पुन्हा तपासायचं, तेव्हा पान पक्कं होतं. हे काम कोणीही करू शकतो. त्याला पदवी लागत नाही. डोळे, शुद्धलेखन आणि चिकाटी लागते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. दहावीच्या मुलांकडून आठवड्याला एक पान तपासून घ्या. मुलांचं शुद्धलेखन सुधारेल, जुन्या मराठीचा कान होईल आणि एक पान वाचेल. शंभर वर्षांपूर्वीच्या पुष्कळ पुस्तकांचा कागद आता हात लावताच तुटतो. तो पुरता जाण्याआधी पान उतरलं पाहिजे.

आणि ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांचं काय? आपल्याकडे पोथी एक वाचतो आणि सारं गाव ऐकतं. घरातल्या शिकत्या मुलीच्या हाती मोबाईल द्यावा आणि म्हणावं, "पोरी, जेवणं झाल्यावर दोन पानं वाच." ऐकणाऱ्याला पुस्तक मिळेल आणि वाचणारीला भाषा.