डायलमागचा दिवा

जळगांव किंवा धुळें येथील एखाद्या जुन्या घरांत लाकडी पेटीचा रेडिओ अजूनहि जपून ठेवलेला आढळतो. मुंबईचें केंद्र १९२७ सालीं, नागपूरचें १९४८ सालीं आणि पुण्याचें १९५३ सालीं सुरू झालें. खानदेशांतून हीं सारींच दूरचीं. सिलोनचीं गाणीं तर लघुलहरींवर कांटा केसभर सरकवून पकडावीं लागत. ही सारी खटपट ज्या उजेडांत चाले, तो डायलच्या कांचेमागील वाटाण्याएवढ्या दिव्याचा. असा संच पुष्कळ वर्षांनीं माळ्यावरून खालीं येतो, तेव्हां तोच दिवा प्रथम गेलेला असतो. आणि घरांतील तरुण मंडळी म्हणतात, 'त्याच्या जागीं एलईडी बसवून टाकूं!'

सूचना वरवर अगदीं निरुपद्रवी दिसते. अमेरिकेंत पिनबॉल नांवाचें, नाण्यावर चालणारें गोळ्यांच्या खेळाचें यंत्र असतें. त्यांतील ४७ क्रमांकाचा ६.३ व्होल्टचा दिवा आणि तिकडील रेडिओंच्या डायलमागील दिवा हे एकच. त्या यंत्रांत असे दिवे डझनांनीं असतात. त्यांच्या उष्णतेनें चित्रमय कांचेवरील रंगाचे पोपडे सुटतात आणि जोडण्या काळवंडतात. तेथें एलईडीनें खरोखरच यंत्राचें आयुष्य वाढतें. रेडिओची गोष्ट निराळी. त्यांत दिवे एक किंवा दोन. एकेक जेमतेम एक-दीड वॅट खाणारा, आणि त्यांच्या मागें चाळीस-पन्नास वॅट पिणारे व्हॉल्व्ह. जळगांवच्या वैशाखांत त्या पेटीस हात लावून पाहावा, म्हणजे दिव्याची उष्णता वाचविण्याच्या गोष्टी किती पोकळ आहेत हें कळतें! एवढें मात्र खरें कीं दिवा कांचेस अगदीं लागून असेल, तर मागच्या बाजूस छापलेलीं मीटरांचीं अक्षरें त्यानें सुटूं शकतात.

परंतु उजेड आणि उष्णता यांच्या पलीकडचा एक मुद्दा आहे, व तोच महत्त्वाचा. जुने संच दोन जातींचे. पहिल्या जातींत लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्सफॉर्मर असतो. तो ६.३ व्होल्टचा सौम्य दाब तयार करतो आणि डायलचा दिवा त्यावर व्हॉल्व्हांच्या शेजारीं स्वतंत्रपणें जळतो. तो काढला काय, बदलला काय, बाकीच्यांस त्याचें सुखदुःख नाहीं. दुसऱ्या जातींत हा ट्रान्सफॉर्मर नसतोच. कोठें एकदिश तर कोठें उलटसुलट प्रवाह पुरविला जाई, त्या काळांत दोहोंवर चालावेत म्हणून असे संच निघाले. त्यांत सर्व व्हॉल्व्हांच्या तारा एकामागून एक, पोहऱ्याच्या साखळीसारख्या गुंफलेल्या असतात, आणि पुष्कळदां दिवा त्याच साखळींतील एक कडी असतो. कांहीं संच सुरू करतांच दिवा क्षणभर झगमगतो, मग मंदावतो आणि सावकाश स्थिर होतो, हें पुष्कळांनीं पाहिलेलें असेल. थंड तारांतून प्रथम अधिक प्रवाह धांवतो, त्याचा तो धक्का. अशा जागीं कांहीं मिलिअँपिअरवर जगणारा एलईडी बसविला, तर शंभर मिलिअँपिअरच्या साखळीपुढें तो टिकत नाहीं. तो जळतो, कडी तुटते आणि सबंध संच मुका होतो.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, ह्या जातींत धातूचा सांगाडाच वीजवाहिनीस जोडलेला असतो. गुंडी गळून पडली असेल तर उघड्या दांड्यास बोट लावणें जिवावरचें ठरेल. बटण बंद केलें म्हणजे झालें असें मुळींच नाहीं. खिळा भिंतींतून उपसून ठेवावा, आणि तरीहि आंतील संधारक कांहीं वेळ भारलेले राहतात हें ध्यानीं धरावें.

सुदैवानें जात ओळखण्याची एक खूण व्हॉल्व्हांवरच लिहिलेली असते. फिलिप्सच्या पद्धतीच्या व्हॉल्व्हांच्या नांवाचें पहिलें अक्षर पाहावें. तें 'ई' असेल तर तार ६.३ व्होल्टची, आणि दिवा बहुधा स्वतंत्र. 'यू' असेल तर शंभर मिलिअँपिअरची साखळी. तेथें मूळच्याच मापाचा तारेचा दिवा शोधून लावावा आणि एलईडीचें नांव काढूं नये. जाणता कारागीर जवळ असेल, तर हें काम त्याच्याच हातीं द्यावें, हें उत्तम.

'ई'च्या संचांतहि नुसता एलईडी लावून भागत नाहीं. उलटसुलट प्रवाहावर एकटा एलईडी सेकंदास पन्नास वेळां पेटतो व विझतो, आणि फिरत्या कांट्याच्या जागीं डोळ्यास कांट्यांची माळ दिसूं लागते. म्हणून चार डायोडांचा सेतु व एक रोधक असलेलाच घ्यावा. रंग पिवळसर निवडावा. निळसर पांढऱ्या उजेडांत जुन्या कांचेवरील सोनेरी अक्षरें राखेसारखीं दिसतात.

एवढें करूनहि जळगांव केंद्र ९६३ किलोहर्ट्झवर लावतांच खरखर आली, तर दोष नव्या दिव्याला देण्यापूर्वीं खोलींतला दिवा मालवून पाहावा. छताला लावलेल्या स्वस्त एलईडीच्या बुडांतील विजेची घाईघाईची उघडझाप मध्यमलहरींत नेमकी अशी गुणगुण सोडते. खरखर थांबली, तर बदलायचा दिवा रेडिओंतला नसून छताचा होता.