पहिल्या फेरीचे मत

(प्रजासत्ताक दिनानिमित्त टेक्सासमधील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज २६ जानेवारी. १९५० साली याच दिवशी भारताची राज्यघटना अमलात आली आणि कलम ३२६ अन्वये प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताचा अधिकार मिळाला. तुझे शिक्षण किती, तुझी जमीन किती, तू कर किती भरतोस, हे प्रश्न मतदाराला विचारायचे नाहीत असे देशाने ठरवले. या दिवशी आपण घटनेच्या शिल्पकारांना वंदन करतो. ते केलेच पाहिजे. परंतु आज वंदनाबरोबर एक काम आम्ही विद्यार्थ्यांवर सोपवणार आहोत.

टेक्सासमध्ये दर सम वर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी राज्याची प्राथमिक निवडणूक होते. तिच्यासाठी मतदार म्हणून नाव नोंदवण्याची मुदत साधारण तीस दिवस आधी संपते. म्हणजे प्रजासत्ताक दिन साजरा करून आपण घरी गेलो की हाती जेमतेम आठवडा उरतो. या आठवड्यात काय करायचे आणि ते का करायचे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्राथमिक निवडणूक म्हणजे काय, हे प्रथम पालकांसाठी सांगतो. भारतात पक्षाचे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे ते तिकीट मतदार देतात. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पक्षाचा उमेदवार कोण असावा हे मार्चमध्ये मतपेटीतून ठरते. गव्हर्नर, राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य, न्यायाधीश, काउंटीचे अधिकारी, एवढेच नव्हे तर आपल्या मुलांनी शाळेत काय शिकावे हे ठरवणाऱ्या राज्य शिक्षण मंडळाचे पंधरा सदस्य, हे सारे या चाळणीतून पुढे येतात.

आता असे पाहा, की पुष्कळ मतदारसंघांत एका पक्षाचे बळ इतके मोठे असते की नोव्हेंबरची निवडणूक केवळ उपचार ठरते. ज्याला तिकीट मिळाले त्याला जागा मिळाली. खरी निवड मार्चमध्येच होऊन गेलेली असते. आणि त्या निवडीला माणसे किती येतात? मार्च २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत टेक्सासमध्ये नोंदलेल्या शंभर मतदारांपैकी अठराच्या आसपास लोकांनी दोन्ही पक्ष मिळून मतदान केले. अठरांनी ठरवायचे आणि शंभरांनी त्याखाली राहायचे, असा हा हिशेब आहे.

मित्रहो, ‘प्राथमिक निवडणूक’ हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो ऐकला होता. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. करारातील १४८ राखीव जागा आपल्याला पाठ असतात, परंतु पुढचे कलम सहसा कोणी वाचत नाही. त्या कलमात लिहिले होते, की प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी आधी आपली वेगळी प्राथमिक निवडणूक घ्यावी, तीत सर्वाधिक मते मिळवणारे चार उमेदवार निवडावेत आणि त्या चौघांतून एकाची निवड सर्व मतदारांनी मिळून करावी. प्रत्यक्षात चारांहून अधिक उमेदवार उभे असतील तेव्हाच ही पहिली फेरी होई.

या पहिल्या फेरीचे मोल बाबासाहेबांनी ओळखले होते. शेवटच्या फेरीत सवर्ण मतदारांची संख्या इतकी जास्त असे, की अस्पृश्यांनी पहिल्या क्रमांकाने निवडलेला माणूस सहज पडू शके. म्हणून १९४६ साली कॅबिनेट मिशनपुढे बाजू मांडताना त्यांनी प्राथमिक निवडणुकांतील मतांवर बोट ठेवले. अस्पृश्यांचा खरा कौल कोणाला आहे हे पाहायचे असेल तर शेवटचा निकाल पाहू नका, पहिल्या फेरीतील मते पाहा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तिथे पहिली फेरी आपली होती, पण निर्णय दुसऱ्यांच्या हाती होता.

आता आपण ज्या भूमीवर बसलो आहोत त्या टेक्सासकडे या. इथे नेमके उलटे होते. त्या काळी या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाला आव्हानच नव्हते. त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजेच निवडून येणे. म्हणून १९२३ साली राज्याने कायदाच केला, की या पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत कृष्णवर्णीयांनी मत द्यायचे नाही. नोव्हेंबरमध्ये खुशाल द्या! सारे ठरून गेल्यावर द्यायच्या मताला कोण घाबरतो?

एल पासो शहरातील डॉ. लॉरेन्स निक्सन हे कृष्णवर्णीय डॉक्टर १९२४ साली मतपट्टीची पावती घेऊन मतदान केंद्रावर गेले. त्यांना परत पाठवण्यात आले. ते न्यायालयात गेले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. राज्याने पळवाट काढली आणि कोणाला मतदान करू द्यायचे हे पक्षाच्या कार्यकारिणीने ठरवावे असे केले. निक्सन पुन्हा गेले आणि १९३२ मध्ये पुन्हा जिंकले. तेच पुणे कराराचे वर्ष, हे ध्यानात ठेवा. मग पक्षाने अधिवेशनात ठराव केला, की सभासद फक्त गोरेच असतील. १९३५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने तो ठराव चालू दिला. अखेर ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात, थरगुड मार्शल यांच्या वकिलीमुळे, ३ एप्रिल १९४४ रोजी गोऱ्यांची ही प्राथमिक निवडणूक घटनाबाह्य ठरली. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. निक्सन यांनी एल पासो येथे प्राथमिक निवडणुकीत मत दिले. एका मतासाठी या माणसाने वीस वर्षे खर्च केली.

गोष्ट इथेही संपत नाही. फोर्ट बेंड काउंटीत ‘जेबर्ड’ नावाची एक संघटना १८८९ पासून होती. शुगरलँड भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे. ही संघटना प्राथमिक निवडणुकीच्याही आधी आपली एक खासगी निवडणूक घेई. तीत मत फक्त गोऱ्यांना. तिथे जो जिंके तोच पुढे प्राथमिक निवडणुकीत आणि मुख्य निवडणुकीतही बहुतेक वेळा बिनविरोध निवडून येई. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली तेही बंद केले. ज्या काउंटीत आज भारतीयांची एवढी मोठी वस्ती आहे, तिथला हा इतिहास आहे.

यातून काय घ्यायचे? सत्ता ज्यांच्या हाती असते त्यांना पहिल्या फेरीचे मोल नेमके ठाऊक असते. पुण्याला पहिली फेरी आपल्या हाती होती, पण निर्णय तिथे होत नव्हता. टेक्सासात निर्णय पहिल्या फेरीत होता, पण तिचे दार बंद होते. आज दारही उघडे आहे आणि निर्णयही आतच होतो आहे. अशा वेळी दाराबाहेर राहणे आपल्याला परवडणारे नाही.

काही विद्यार्थी म्हणतील, ‘आम्ही तर शिकायला आलो, आमचे गाव दुसरे, इथल्या मताशी आमचा काय संबंध?’ त्यांनी ह्यूस्टनच्या वायव्येला वॉलर काउंटीत असलेल्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाची हकीकत ऐकावी. १८७६ साली स्थापन झालेली ही कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था. तिथल्या विद्यार्थ्यांना मतदार म्हणून नोंदवण्याआधी काउंटीचे कार्यालय वेगळी प्रश्नावली भरायला लावी. तुम्ही इथलेच कशावरून? पुढे घर घेणार का? नोकरी इथे करणार का? हा प्रकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला. तरीही २००४ मध्ये तोच वाद पुन्हा उकरून काढला गेला आणि विद्यार्थ्यांना मोर्चा काढावा लागला. फेब्रुवारी २००८ मध्ये तर लवकर मतदानाचे केंद्र दूर हेम्पस्टेडला होते म्हणून हे विद्यार्थी मोठ्या संख्येने सुमारे सात मैल पायी चालत गेले. कशासाठी? प्राथमिक निवडणुकीत मत देण्यासाठी. ज्यांच्या पूर्वजांना त्या फेरीतून हाकलले होते, त्यांना तिची किंमत कोणी समजावून सांगावी लागली नाही.

‘एका मताने काय होते?’ हा दुसरा प्रश्न. मे २०२२ मध्ये टेक्सासच्या २८ व्या काँग्रेस मतदारसंघात प्राथमिक निवडणुकीची दुसरी फेरी झाली. फेरमोजणीनंतर फरक निघाला २८९ मतांचा. एका वसतिगृहात याहून जास्त मुले राहतात.

आणि आपल्या समाजाचे या राज्यांच्या विधिमंडळांत काय काम आहे, असे कोणी समजू नये. जातीच्या नावाने होणाऱ्या भेदभावाला मनाई करणारे विधेयक कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी २०२३ मध्ये संमत केले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. विधेयक मांडणारे, त्याला मत देणारे आणि ते परत पाठवणारे, तिघेही राज्याच्या मतदारांनी निवडलेले. जात आपल्याबरोबर समुद्र ओलांडून आली आहे, हे आपण जाणतो. तिच्यावरचा इलाज वॉशिंग्टनमध्ये होईल तेव्हा होईल, राज्याचे दार अधिक जवळ आहे.

आता कामाचे बोलू. प्रथम एक गोष्ट बजावून सांगतो. मत आणि नोंदणी फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. व्हिसावर शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी आणि ग्रीन कार्डधारकांनी हा अर्ज कोणाच्याही आग्रहाने भरू नये. तो गुन्हा ठरतो आणि इथले राहणेही धोक्यात येऊ शकते. म्हणूनच ज्या घरात आई-वडील अजून नागरिक नाहीत आणि मुलगी किंवा मुलगा इथे जन्मलेला आहे, त्या घराचे एकुलते एक मत त्या मुलाच्या हाती आहे. मत देता येत नसलेल्या चौघांचे म्हणणे ऐकून घेऊन तुम्ही आत जायचे आहे. ही जबाबदारी लहान नाही.

टेक्सासमध्ये नवी नोंदणी सहसा कागदी अर्जावर होते. अर्ज बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. सही तुम्ही करायची आणि मुदतीच्या आत पोस्टात तुम्हीच टाकायचा. मतदानाच्या दिवशी वय अठरा पूर्ण हवे, अर्ज त्याआधी दोन महिने करता येतो. कॉलेजचा पत्ता द्यायचा की घरचा, हे तुम्ही ठरवा, पण एकच द्या. मतदानाच्या सर्व दिवसांत काउंटीबाहेर असाल तर मतपत्रिका पोस्टाने मागवता येते. तो अर्ज मतदानाच्या अकरा दिवस आधी कार्यालयात पोहोचला पाहिजे. केंद्रावर कॉलेजचे ओळखपत्र चालत नाही. वाहन परवाना किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही. केंद्रावर दोनपैकी एका पक्षाची मतपत्रिका मागायची. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये तुम्ही बांधले जात नाही. कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत तर मे महिन्यात पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. तिलाही जायचे, मात्र मार्चमध्ये ज्या पक्षात मत दिले त्याच पक्षाच्या.

कोणत्या पक्षाला, कोणत्या उमेदवाराला मत द्यावे, हे आम्ही सांगणार नाही. धर्मादाय संस्थेला तो अधिकार कायद्याने नाही आणि असता तरी आम्ही सांगितले नसते. तथागतांनी कोणाचे म्हणणे केवळ तो सांगतो म्हणून मानू नका असे शिकवले. भिक्खुसंघात मतभेद झाला तर शलाका, म्हणजे मताच्या काड्या, वाटून कौल घेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संविधान सभेला आठवण करून दिली होती, की ठराव, गणसंख्या आणि गुप्त मतदान या गोष्टी बौद्ध संघाला ठाऊक होत्या. तेव्हा मतदान ही आपल्याला कोणी बाहेरून शिकवलेली गोष्ट नाही.

१९१९ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. प्रतिनिधित्वाचा आणि अधिकारपदाचा हक्क हेच नागरिकत्वाचे मुख्य हक्क आहेत, हे त्यांनी सांगितले. कोलंबिया विद्यापीठातून शिकून परतलेल्या विद्यार्थ्याने अस्पृश्यांसाठी मागितलेले ते मत होते. आज त्याच देशात शिकणाऱ्या तुम्हाला ते मागावे लागत नाही. ते तुमच्या नावावर आहे.

चहापानाला जाण्याआधी अर्ज घ्या, नाव-पत्ता लिहा, सही करा आणि उद्या सकाळी पोस्टात टाका. मार्चमध्ये मत देऊन आल्यावर धाकट्या भावंडांना सांगा, की पहिल्या फेरीला जायचे असते.