रोजच्या दिवसाचे छायाचित्र

(हीरकमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही. नोकरी सांभाळून जोपासलेला छंद आहे. पण इंदूरमध्ये या छंदाची परंपरा मोठी आहे. राजा दीनदयाळ हे रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो इथेच, १८७४ च्या सुमारास, हौस म्हणून. पुढे ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले.

त्या काळी अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन हिंडावे लागे. साहजिकच भिंग वळे ते किल्ल्यांकडे, राजवाड्यांकडे, संस्थानिकांकडे. आपल्या लहानपणी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री अनेक घरांत आला. पण एका रोलवर बाराच चित्रे निघत. एखाद्या बारशापासून पुढच्या मुंजीपर्यंत तो रोल पुरवला जाई. रोजचा दिवस टिपण्याची चैन कोणाला परवडणार?

या स्मरणिकेसाठी जमलेली जुनी छायाचित्रे मी पाहिली. हारतुरे आहेत, बक्षीस समारंभ आहेत, दहावीचे वर्ग ओळीने बसलेले आहेत. मधल्या सुट्टीत नळावर उडणारी झुंबड मात्र एकाही चित्रात नाही. वर्षानुवर्षे घंटा देणारे मामाही नाहीत. पाहुण्यांसाठी खुर्ची सरकवणारा, कडेला कापला गेलेला त्यांचा हात तेवढा एका चित्रात आढळतो.

कृष्णधवल चित्रांकडे मी वळलो तो या रोजच्या दृश्यांसाठीच. रंग नाहीसे झाले की प्रकाशाची दिशा शोधावी लागते. लाल आणि हिरवे लुगडे कृष्णधवल चित्रात एकाच राखाडी छटेचे दिसू शकते. मग लक्ष जाते पदर खोचणाऱ्या हातांकडे. सकाळी पोह्यांच्या गाडीवरची वाफ समोरच्या उन्हात दिसत नाही. ऊन वाफेच्या मागून आले आणि पलीकडे काळोखे दार असले, तरच ती उमटते. वर्गात खिडकीतून तिरपे ऊन आले की बाकांवर कोरलेली नावे वाचता येतात. ही दृश्ये रोजच समोर असतात. त्यांच्यापाशी थांबण्याची सवय मला कृष्णधवल चित्रांनी लावली.

जुन्या कृष्णधवल कागदावरील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. नीट धुतलेली असेल तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मात्र जे टिपलेच नाही, ते चांदी तरी कसे राखणार? होमाई व्यारावाला यांनी स्वातंत्र्याचे ऐतिहासिक प्रसंग टिपले, हे आपण जाणतो. पण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील आपल्या मैत्रिणींची त्यांनी तरुणपणी काढलेली छायाचित्रेही आज तितक्याच आस्थेने पाहिली जातात. त्या काळच्या शिकणाऱ्या मुली कशा उभ्या राहत, कशा हसत, हे ती चित्रे सांगतात.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणे किती कठीण आहे, हे संचालकांना आणि पालकांना ठाऊक आहे. पटसंख्येची चिंता दर जूनमध्ये नव्याने उभी राहते. समारंभांच्या चित्रांवरून इथे एक शाळा होती, एवढे पुढच्यांना कळेल. माळव्यातल्या या शहरात मुले मराठीत भांडली, खेळली, डबे वाटून जेवली, हे रोजच्या दिवसाची चित्रेच सांगतील.

म्हणून माझी एक विनंती आहे. मोबाइल आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मुख्याध्यापकांची अनुमती घेऊन एखाद्या साध्या मंगळवारी शाळेत या. सायकलींची रांग, फळा पुसणारा मुलगा, पोषाहार वाढणाऱ्या मावशी, पायऱ्यांची झिजलेली कड टिपा. कोणालाही नीट उभे राहायला सांगू नका. त्यांतली निवडक चित्रे कागदावर छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलीने दिनांक व सर्वांची नावे लिहा. मामांचे आणि मावशींचेही पूर्ण नाव लिहा. नावाविना जुने चित्र लवकरच अनोळखी माणसांचे होते.

शाळेच्या कपाटात अशा चित्रांसाठी एक खण राखून ठेवावा, असे मी संचालकांना सुचवतो. त्यासाठी माझ्या पहिल्या पंचवीस प्रती आज सोबत आणल्या आहेत. त्या शाळेने स्वीकाराव्यात.